तेलाच्या काट्यावरची तांबडी रेघ

पिंपळनेर,
शनिवार, १२ फेब्रुवारी १९५५

प्रिय वना,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, कोणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून. तसं काही नाही. सगळे ठीक आहेत. सासूबाई तर जरा जास्तच ठीक आहेत, आत्ताही दारात बसून शेंगा निवडताहेत आणि मी एवढं काय लिहिते आहे हे विचारायचं नाही असं ठरवून दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघताहेत. बघू देत. आज मी मुद्दाम ओसरीवर बसून लिहिते आहे.

काल बेटावदहून मंजुळाबाई आली. आपल्या घराला लागून तिचं घर, त्यामुळे मायच्या खबरा तिच्याकडून पक्क्या कळतात. पाणीसुद्धा न घेता तिने सांगितलं, “वना परदेशात जाई राह्यना. पुढला शनवारले मुंबईनी बोट शे.” आखातात कुठल्याशा तेलाच्या कंपनीत, तीन वर्षांचा करार. माय आठ दिवस धड जेवलेली नाही. तिने तुला विचारलं, जळगावात काय कमी आहे? तर तू म्हणालास, “आठे मना हातले कोनी गाडी देत नही.” मंजुळाबाईने हे वाक्य तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं, ती नकला चांगल्या करते हे तुला ठाऊकच आहे, आणि मला हातातला तांब्या खाली ठेवावा लागला. वना, उद्या रविवार, टपाल निघत नाही. सोमवारी टाकलेलं पत्र जळगावात मेहरूणला तुझ्या खोलीवर बुधवारी, फार तर गुरुवारी पोचेल. त्यानंतर तू मुंबईच्या वाटेला लागलेला असशील. तू जायच्या आत एक गोष्ट सांगून झाली पाहिजे. ती एकदम लिहायला गेले तर हात अडतो, म्हणून पहिल्यापासून सांगते. यातलं बरंच तुला ठाऊक आहे, तरी वाच.

यांनी ती जीप आणली ते साल पन्नास. देवळालीच्या लिलावातली, लष्कराचा हिरवा रंग अजून अंगावर, आणि समोरच्या पत्र्यावर चार गोल भोकं. तिथले काटे कोणीतरी आधीच उपटून नेले होते. आमची पोर पुष्पा त्या भोकांत चिंध्या कोंबायची. यांना त्याचं काही वाटत नसे. हे कान लावून गाडी चालवत, बॉनेटवर तळहात ठेवून इंजिनाचा ताप बघत, आणि वर म्हणत, बैलाला कधी कोणी काटा लावला होता का? तू लढाईत चार वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढून आलेला, तुझं डोकंच फिरायचं हे ऐकून. दर भेटीत तुमची जुंपायची. तू म्हणायचास, दाजी, नाल्यातून, खडकातून, घाटातल्या बारीच्या चढावरून ही गाडी नेता, खालचं तेलाचं चेंबर फुटलं तर तुमच्या कानाला कळेपर्यंत इंजिन गेलेलं असेल. हे हसून सोडून द्यायचे. पण तुझ्यावर जीव होता यांचा. दहा जणांत बसले की सांगायचे, “आमना वना फौजना मेस्तरी शे.” तुझ्यासमोर मात्र कधी म्हणाले नाहीत, ते एक सोड.

मग बावन्न सालच्या भाद्रपदात तू काटे घेऊनच आलास. जळगावच्या भंगारातल्या एका मोडक्या लष्करी ट्रकचे तीन काटे, जुन्या सदऱ्यात गुंडाळून, मांडीवर धरून, धुळ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे लॉरीने. एक तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या तापाचा आणि एक बॅटरीचा. माझ्या चुलीवर आधण होतं. तू कोणाला न विचारता पाण्याच्या काट्याचा तो तांब्याचा गोळा आधणात बुडवलास आणि काटा कसा चढतो ते उकिडवा बसून बघत राहिलास. काटा शेवटपर्यंत चढला तेव्हा तुझा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना. सासूबाईंनी ते पाणी ओतून दिलं नि पातेलं तीनदा घासलं. भोकं मोठी आणि काटे लहान, म्हणून तू रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्यांना पट्ट्या केल्यास. तेलाची बारीक तांब्याची नळी इंजिनापासून आत आणलीस आणि पत्र्यावर घासून ती तुटू नये म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलास. दोन दिवस तुझं नाकातल्या नाकात गुणगुणणं घरभर ऐकू येत होतं. तू कामात असलास की बोलत नाहीस, गुणगुणतोस.

तिसऱ्या दिवशी काटे चालू करायचे, आणि नेमकी त्या सकाळी मी बाजूला बसले. आमच्याकडे त्या चार दिवसांत गोठ्याजवळच्या पडवीतून हलायचं नाही, नव्या वस्तूवर तर सावलीही पडू द्यायची नाही. तेव्हा नारळ फुटला तो मी लांबूनच पाहिला. काट्यांवरचे अंक इंग्रजी, यांना ते वाचता येत नाहीत, म्हणून तू काचेवर काहीतरी तांबडं ओढलंस आणि इंजिन चालू ठेवून, बोटाने दाखवत, यांना ओरडून समजावत होतास. इंजिनाच्या त्या आवाजात माझ्यापर्यंत एक अक्षर आलं नाही. मला दिसली ती हळद, फुटलेला नारळ आणि काचेवरचं तांबडं. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आले तेव्हा तू जळगावला परतला होतास. यांना विचारायचं मला सुचलं नाही, आणि बायकोला गाडीतलं काही सांगावं हे यांना सुचलं नाही.

पुढचे दोन महिने हे काट्यांवर भलतेच खूश. जे कानाने गाडी चालवत, ते आता कोणी गाडीत बसलं की आधी काटे दाखवायचे. “जवलोंग काटा तांबडाले शिवत नही, तवलोंग घोर नही,” असं शेजारच्या वाण्याला सांगताना मी एकदा ओझरतं ऐकलं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कार्तिकात मिरच्यांची पोती ट्रेलरवर घालून हे निघाले ते एकटेच. नाल्यात एक दगड खालून लागला आणि चेंबर चिरलं. तेल गळत राहिलं. यांनी आवाज बदलल्याचं ऐकलं होतं, वना, हे मला यांनी स्वतः सांगितलं. ऐकलं आणि काट्याकडे पाहिलं. काटा तांबड्याला शिवला नव्हता. म्हणून कानाचं न ऐकता चढ चढत राहिले. बारीच्या अर्ध्यावर इंजिन जाम झालं, आणि मागच्या ओझ्याने गाडी उलटी ओढली. यांनी उडी टाकली ती पुरी पडली नाही. डाव्या पायावरून चाक गेलं.

धुळ्याच्या दवाखान्यात दोन महिने काढले. पाय राहिला, पण गुडघा वाकत नाही. तिथे खाटेजवळ बसले असताना यांनी मला पहिल्यांदा नीट सांगितलं की काचेवरचं तांबडं ही तू मारलेली खूण होती. दाब जिथवर उतरला की इंजिन बंद करायचं, तिथे तू रेघ ओढली होतीस. मी यांना पाणी पाजत होते. पाणी यांच्या सदऱ्यावर सांडलं, आणि हे म्हणाले, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, झोप नाही. त्यानंतर रोज तेच. काटा तांबड्याला शिवला नव्हता, वनाने रेघ चुकीच्या जागी मारली, वनाने घात केला. मी ऐकत होते आणि मुसंब्या सोलत होते.

पौषात हे घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी यांनी तुला निरोप धाडला. अंगणात गावातली दहाबारा माणसं, मध्ये यांची खाट, आणि पोत्यांनी झाकून ठेवलेली ती गाडी. तेलाच्या काट्याची काच कोरी होती. बैल लावून गाडी ओढून आणताना आणि पोत्यांच्या घासाने जे होतं ते पुसलं गेलं होतं. यांनी विचारलं, “रेघ कोठे मारेल व्हती तू?” आणि तुझं उत्तर यायच्या आत शपथेवर सांगितलं, की तांबडं खाली होतं, मधोमध होतं, आणि इंजिन जाम होईपर्यंत काटा त्याला शिवला नाही. तू म्हणालास, दाजी, मधोमध कशी, मी तर डाव्या अंगाला... आणि थांबलास. वाकलास. काचेभोवतीच्या पितळी कडीच्या खाचेत बोट फिरवलंस, ते बोट उजेडाला धरून पाहिलंस, नाकाशी नेलंस. मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलंस. मी दारात पुष्पाचा हात धरून उभी होते. पोरीने नंतर सांगितलं, आई, तू माझा हात किती दाबलास. तू ते बोट पँटला पुसलंस, रुमालाच्या टोकाने ती खाच आतून स्वच्छ केलीस आणि म्हणालास, “दाजी, चूक मनी शे. रेघ मी चुकाडी.”

हे म्हणाले, “आजपाईन ह्या घरनं पानी बी तुले बंद.” तू खाटेच्या पायथ्याशी वाकून नमस्कार केलास आणि उन्हातून पायी स्टँडकडे गेलास. मी तुला भाकरी बांधून दिली नाही. दारातून हललेसुद्धा नाही. तुझ्या पाठीवर घामाचा केवढा डाग होता तो मला अजून दिसतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गोष्ट साक्रीला गेली, धुळ्याला गेली, तिथून लॉरीवाल्यांबरोबर जळगावात पोचली. तुला रेघवाला म्हणायला लागले, तुझ्या हातात गाडी देऊ नका, उलटी रेघ मारून देईल म्हणाले, हे मला कळत होतं. तू गॅरेज सोडलंस आणि जिनिंगमध्ये सरकी उपसायला लागलास, हेही कळलं. मायला मी सांगायचे, काही दिवसांनी लोक विसरतील. इतकं सोपं बोलताना मला लाज वाटली नाही, आता वाटते.

इकडे यांनी धुळ्याला नेऊन गाडीत दुसरं इंजिन बसवलं आणि जीवराम नावाचा ड्रायव्हर ठेवला. मेस्तरी म्हणाला, काटे लावून देतो. हे त्याच्या अंगावर धावून गेले. तुझे तिन्ही काटे उपटून अंगणात फेकले होते, ते मी उचलून धान्याच्या कोठीत ठेवलेत. गाडीला पुन्हा तीच चार भोकं. गेल्या मंगळवारी जीवराम पुष्पाला घेऊन साक्रीहून येत होता. चढावर रेडिएटर उकळला, त्याला बिचाऱ्याला कळायला काही साधन नाही. वाफ दिसली तेव्हा थांबला, घाईत झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत भाजला. पुष्पा शेजारीच उभी होती. तिच्या गालावर दोन थेंब उडाले, दोनच, फोड बसतोय. हे रात्री दोनदा कंदील धरून तिचा गाल बघून आले, आणि सकाळी म्हणाले, तरी काटा नको. काट्याने माझा पाय खाल्ला. वना, पाय काट्याने खाल्ला नाही. तुझ्या रेघेनेही नाही.

आता लिहिते. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी घरातली सगळी अवजारं धुतली, नांगराचे फाळ, विळे, वजनाची तागडी, आणि मग गाडी. गाडीला पहिल्यांदाच नवे काटे, म्हणून त्यांच्या पितळी कड्या चिंच आणि राखेने घासून लखलखीत केल्या. काचेवर तांबडं होतं. नारळ फोडला तेव्हा तू लावलेलं कुंकू, असंच मी धरून चालले होते. सणाला जुनं कुंकू पुसून नवं लावायचं, ही मायचीच शिकवण. तुझा रंग चिवट होता. मला वाटलं, तेलातलं कुंकू वाळून घट्ट बसलंय, म्हणून नखाने खरवडून काढलं. आणि ते लावलं होतंस तेही कसं, डाव्या अंगाला, जरा वर, तिरकं. मी मनात म्हटलं, वनाला इंजिनातलं कळतं, पण कुंकवाचं बोट सरळ ओढता येत नाही. तेलात कुंकू कालवून मी खाली मधोमध छान सरळ उभी रेघ काढली. तिथे काटा कधी पोचतच नाही, हे मला कुठे ठाऊक? तांबडं सरकलंय हे यांच्याही ध्यानात आलं नाही, काटा तांबड्याला शिवतो का एवढंच हे बघायचे. तुझ्या बोटाला जे लागलं, ज्याचा तू वास घेतलास, ते माझं तेलातलं कुंकू होतं. चूक नकळत झाली, त्याबद्दल देवासमोर उभी राहायला मी भीत नाही. पण दवाखान्यात कळल्यावर गप्प राहिले, अंगणात गप्प राहिले आणि दोन वर्षं गप्प राहिले, ते नकळत नव्हतं. सासूबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, नवऱ्याचा पाय घेणारी म्हणून उरलेला जन्म कसा काढू, याची भीती वाटली. धाकटा भाऊ सोसतोय तर सोसू दे, असं मी केलं. तुला लहानपणी माझ्या वाटणीचा गूळ दिल्याच्या गोष्टी मी पुष्पाला सांगत असते, आता सांगवत नाहीत.

तू म्हणशील, अक्का, यासाठी एवढे कागद कशाला? मला हे त्याच दिवशी कळलं होतं. खरं आहे. या पत्रात तुला ठाऊक नाही असं काहीच नाही. ज्यांना ठाऊक नाही ते संध्याकाळी लॉरीने साक्रीहून येतील. तोंडाने सांगायला मी कितीदा गेले आणि दर वेळी यांच्या पायाला तेल चोळून परत आले. म्हणून हे लिहिलं. पत्ता तुझा घातला आहे, पण पाकिटाला गोंद लावलेला नाही. आज जेवणं झाली की ते यांच्या हातात देईन आणि म्हणेन, आधी वाचा, मग तुमच्याच हाताने टपालात टाकायचं की चुलीत, ते तुम्ही ठरवा. वर यांच्याबद्दल जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोडणार नाही. चुलीत गेलं तर तुला काही कळणार नाही आणि तू तसाच बोटीत बसशील, हे मला कळतंय. पण चोरून पाठवलेल्या पत्राने तुझं नाव परत येत नाही रे. ज्यांनी अंगणात दहा माणसांसमोर ते घेतलं, त्यांनीच ते परत द्यायला हवं. पिंपळनेरचं पोस्ट आमच्या वस्तीपासून कोसभर आहे, जीवरामचा हात भाजल्यापासून गाडी उभीच आहे, आणि अलीकडे हे काठी टेकत पायी वस्तीबाहेर जात नाहीत. तेव्हा वना, तू हे वाचत असशील तर एवढंच समज, की सोमवारी हे त्या पायाने पोस्टापर्यंत चालत गेले. मग बोटीचं काय करायचं ते तू ठरव.

तुझीच,
भागाअक्का